चव्वेचाळीसास एक

नईम, मनामा
शनिवार, २ डिसेंबर २०२३

शिरीष,

हे पत्र फाडणार असशील तर आधी शेवटचं पान वेगळं काढून ठेव. त्यावर तक्ता आहे. बाकीचं फाडलंस तरी माझी तक्रार नाही.

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून कागद. पत्ता पूर्णिमावहिनींनी दिला. त्या आणि तय्यबा ईदला आणि दिवाळीला अजून बोलतात, हे तुला ठाऊक असेलच. यंदा दिवाळीला तय्यबाने फोन स्पीकरवर टाकला होता आणि मी शेजारी बसून मेथी निवडत होतो. वहिनी म्हणाल्या, तिकडे कॅनडात मुलाच्या, सुयशच्या घरामागे मेपलची तीस झाडं आहेत आणि तू गेल्या मोसमात त्यांचा रस काढून, आटवून पाक केलास. "बावीस बाटल्या भरल्या. जुलैपर्यंत चौदा बाटल्यांवर बुरशी. मागे खड्डा खणला आणि सगळ्या ओतून आले. आता दिवसभर खिडकीत बसून त्या झाडांकडे बघतात."

त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांनी मला सांगितलं नाही, मी ऐकलं.

बुरशी आली म्हणजे पाक पातळ राहिला. एवढं कळायला मला कॅनडात यावं लागत नाही. एकोणीस वर्षं आपण एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून अर्ध्या बहरीनचे थर्मामीटर आणि प्रेशर गेज तपासले. मी तपासायचे, तू सही करायची. त्या सवयीने हात शिवशिवले, दुसरं काही नाही.

मोबाईलवर या पाकाचे हिशेब करून देणारी पानं मी पाहिली. ढिगाने आहेत. एक गॅलन मागतं, दुसरं फॅरनहाइट, तिसरं विचारतं झाडांना लावलेले तुमचे नळ किती हजार. तीस झाडांच्या माणसाची कुणाला पर्वा नाही. शिवाय वहिनी म्हणतात, तिथल्या थंडीत तुझा फोन दहा मिनिटांत मान टाकतो आणि हातमोज्यांनी त्याचा पडदा हलत नाही. तेव्हा कागदच बरा.

मी वजनावरून मांडलं ते असं. झाडाच्या रसात शंभरात दोन भाग साखर. तयार पाकात शंभरात सदुसष्ट. एक लिटर पाकात साखर बसते आठशे नव्वद ग्रॅम, एक लिटर रसात फक्त वीस. म्हणजे चव्वेचाळीसास एक. चव्वेचाळीस लिटर आटव, एक लिटर हातात येईल. तुझा शेजारी शहाऐंशीला साखरेच्या आकड्याने भागतो असं वहिनी म्हणाल्या. त्याने त्रेचाळीस येतात. त्याचा नियम जुना, पाक थोडा पातळ धरून केलेला. तू त्याच्यावर अजून घाई केली असशील. थंडीत उभं राहायचा तुला कंटाळा, हे मी जाणतो. इथल्या महूजच्या घरातसुद्धा जानेवारीत तू मफलर बांधून चहा प्यायचास.

रसाची साखर रोज बदलते असं वाचलं. तुझ्याकडे साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर आकडे पाठव. कढईची लांबीरुंदी पाठव. थर्मामीटर कुठला ते पाठव.

ज्या गोष्टीवरून आपलं हे असं झालं, तिच्याबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही. हे पत्र पाकाबद्दल आहे.

नजीब


नईम, मनामा
शनिवार, २० जानेवारी २०२४

शिरीष,

उत्तर नाही. चालेल. वहिनींनी तय्यबाला कळवलं की तक्ता शेगडीच्या वरच्या फळीला टाचणीने लावलेला दिसतो. मला तेवढं पुरलं.

सोबत चकती पाठवतो आहे. पुठ्ठ्याची आहे, वर प्लास्टिक चढवलंय म्हणजे वाफेने फुगणार नाही. दोन गोल एकावर एक, मधे पिन. बाहेरच्या गोलावर रसाचे लिटर, आतल्या गोलावर साखरेचा आकडा. दोन्ही समोरासमोर आण, खिडकीत पाक किती होणार ते दिसेल. मागच्या बाजूला वेळेचा हिशेब: तुझी कढई साठ सेंटिमीटर चौरस धरली तर तासाला पंधरा लिटर उडतील. हातमोज्याने फिरवता येईल एवढी मोठी केली आहे.

न तपासता पाठवत नाही. इथे मेपल कुठून आणू? म्हणून शुक्रवारी सकाळी वीस लिटर पाण्यात चारशे ग्रॅम साखर विरघळवली. हुबेहूब तुझ्या झाडाचा रस, फक्त झाड नाही. सात वाजता दोन शेगड्यांवर दोन पातेली चढवली.

नऊ वाजता स्वयंपाकघराच्या भिंती रडायला लागल्या. दहाला घड्याळाच्या काचेआत पाणी गेलं आणि घड्याळ बंद पडलं. साडेदहाला खालच्या मजल्यावरचा नावेद वर आला, तुमचा गीझर फुटला का म्हणून. तय्यबा दारातून म्हणाली, "गीझर नाही, भाऊ. डोकं फुटलंय ह्यांचं. पाण्यातून साखर काढतायत."

"घातली कशाला होती?" नावेदने विचारलं.

"तेच मी सकाळपासून विचारतेय."

जुम्म्याच्या नमाजाला जायची वेळ झाली तेव्हा पातेल्यात लिटरभर उरलं होतं. तय्यबाच्या हातात थर्मामीटर दिला, काटा एकशेचारला टेकला की उतरव म्हणून सांगितलं. परत आलो तर पाक उतरवलेला आणि थर्मामीटर धुऊन डब्यात ठेवलेला. "बघितला का आकडा?" म्हटलं. म्हणाली, "बोटाने बघितला. तार धरायला लागणार इतक्यात उतरवला. तुमचा काटा पण तेच सांगत होता."

मोजला. चकती सांगत होती चारशे चोपन्न मिलिलिटर. भरले चारशे साठ. शिरीष, सहा मिलिलिटरची चूक! तू असतास तर त्या सहासाठी मला पुन्हा वीस लिटर उकळायला लावले असतेस.

तो पाक आम्ही घावनांबरोबर खाल्ला. मसूदा ड्यूटीवरून आली, चाखला आणि म्हणाली, "इट्स जस्ट शुगर, अब्बा." आहेच.

तेव्हा लक्षात ठेव: काटा एकशेचारवर आला की उतरव. आधी नाही, नंतर नाही.

नजीब


नईम, मनामा
शनिवार, ९ मार्च २०२४

शिरीष,

तुझं पाकीट आलं.

आत एकच कागद आणि त्यावर नुसते आकडे. "कसा आहेस" नाही, नाव नाही, तारीख तेवढी आहे. साखरेचे सात दिवसांचे आकडे, कढईची मापं, थर्मामीटरचा प्रकार. खाली तुझ्या बारीक अक्षरात: "चकती बरी आहे. पिन सैल."

मी तो कागद चार वेळा वाचला. तय्यबाने विचारलं, काय लिहिलंय शिरीषभाईंनी? मी म्हटलं, बरंच काही. सातच्या पोटात तू अजून आडवी रेघ मारतोस.

नवी पिन सोबत आहे. स्टीलची, गंजणार नाही.

आता कामाचं. दोन पॉइंट दोन साखरवाल्या दिवशी तुला चाळीस लिटरलाच एक लिटर मिळेल, तेव्हा त्या दिवशीचा रस आधी आटव, शिळा करू नकोस. तीस झाडांनी चांगल्या दिवशी दीडशे लिटर दिले तर दहा तास शेगडीपाशी जातील. दुपारचं जेवण तिथेच नेत जा. वहिनी म्हणतात तू उपाशी राहतोस. कागदाच्या कोपऱ्यात ४१० असा एक आकडा आहे, तो कशाचा ते कळलं नाही. लाकडाचे किलो असावेत.

परवापासून रोजे. ऑफिस सहा तासांचं होईल. तुझ्या जागेवर मधे दोन माणसं आली आणि गेली. आता मुख्तारसाहेब स्वतःच सह्या करतात, न वाचता. तू गेज हातात घेऊन, काच पुसून, मग सही करायचास.

नेहमी नाही, पण बहुतेक वेळा.

ते शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

नजीब


नईम, मनामा
शनिवार, १८ मे २०२४

शिरीष,

वहिनींचा निरोप काल ऐकला. चोवीस बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीच्या तळाशी खडीसाखर. बुरशी नाही, पण आता पाक इतका घट्ट की त्याचे खडे झाले.

दोन तास मी माझेच आकडे तपासत बसलो. आकडे बरोबर. मग तुझा कागद काढला आणि कोपऱ्यातला ४१० पाहिला.

ती उंची होती. तुझं गाव समुद्रापासून चारशे दहा मीटर वर आहे. तिथे पाणी शंभरला उकळत नाही, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहाला उकळतं. पाक तयार होतो तो पाणी जिथे उकळतं त्याच्यावर चार अंशांनी. म्हणजे तुझा पाक एकशेदोन पॉइंट सहाला झाला होता, आणि मी तुला एकशेचारपर्यंत उभं ठेवलं. माझा जन्म रत्नागिरीचा, नोकरी बहरीनची. सगळं आयुष्य समुद्रसपाटीवर गेलं. मी माझ्या स्वयंपाकघरात उकळून बघितलं, बरोबर आलं, आणि जगात सगळीकडे तसंच असणार म्हणून मोकळा झालो. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत होतं. विचारायचं राहिलं.

दुरुस्ती अशी. रोज सकाळी आधी साधं पाणी उकळ. हवेचा दाबही रोज बदलतो, तेव्हा पुस्तकातला आकडा नको, तुझ्या थर्मामीटरवर त्या दिवशी जिथे काटा थांबेल तिथे खडूने खूण कर. तिथून चार वर. एवढंच. एकशेचारचा माझा तक्ता काढून शेगडीत टाक.

चूक माझी आहे. तुझी नाही, थर्मामीटरची नाही.

नजीब

रविवार, १९ मे

पत्र अजून टेबलावरच आहे. पाकीट बंद करवत नाही.

वहिनींच्या निरोपात अजून एक वाक्य होतं, ते मी काल लिहिलं नाही. त्यांनी तुला विचारलं म्हणे, की तुम्हाला उंचीचं ठाऊक होतं, मग त्याच्या आकड्यावर का गेलात? तर तू म्हणालास, "मी कागदावर लिहिलं होतं. म्हटलं, नजीबने तपासलं असेल."

तेच वाक्य मला पाकीट बंद करू देत नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण मी ते आजवर कुणालाच सरळ सांगितलेलं नाही. तय्यबालाही नाही.

नोव्हेंबर २०१८, गुरुवारची दुपार. हूरा भागातल्या हॉटेलच्या लॉन्ड्रीची दहा गेज आली होती. नऊ मी तपासणीच्या बाकावर चढवून तपासली. दहावं बॉयलरचं. ते दर वर्षी बरोबर यायचं. चार वाजले होते, मला निघायचं होतं. मी गेल्या वर्षीचा कागद काढला आणि तेच आकडे उतरवले. तू विचारलंस, "दहाही झाली?" मी म्हटलं, "झाली." तू सही केलीस.

तेवीस दिवसांनी त्या बॉयलरचा जोड सुटला. गेजचा काटा दाब खूप कमी दाखवत होता. बॉयलर चालवणारा कैलास तिथे उभा होता, त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशीत मुख्तारसाहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, दहावं गेज माझ्या बाकावर आलंच नव्हतं. माझा कच्चा कागद मी आदल्याच दिवशी फाडला होता. उरली तुझी सही.

तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा होतास. तू एक वाक्य बोलला असतास तर मी मान खाली घातली असती, एवढं मला तेव्हाही कळत होतं. तू बोलला नाहीस. संध्याकाळी पार्किंगमध्ये गाठलंस. मला वाटलं, आता मारशील. तू विचारलंस, "मसूदा कितव्या वर्षाला आहे?"

"दुसऱ्या," मी म्हटलं.

"अजून दोन वर्षं."

"हो."

"बरं," म्हणालास आणि गाडीत बसलास.

माझ्या व्हिसावर तिचा व्हिसा होता, माझी नोकरी गेली असती तर तिचं नर्सिंग अर्ध्यावर सुटलं असतं. तुला ते दोन शब्दांत कळलं. मला तुझ्या "बरं"चा अर्थ कळायला रात्र लागली नाही, त्याच क्षणी कळला होता. तरी मी गाडीमागे धावलो नाही. महिन्याभरात तुझा व्हिसा रद्द झाला, तू सुयशकडे गेलास. वहिनींचं इथलं सगळं मोडलं. आणि मी साडेपाच वर्षं "शिरीष फोन उचलत नाही" असं लोकांना सांगत फिरलो.

खोटं बोललो, शिरीष. गेज मी तपासलं नव्हतं, आणि तुझ्या नावावर टाकलं.

आता पाकीट बंद करतो.

नजीब


नईम, मनामा
शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

शिरीष,

तुला लिहून झालं म्हणजे झालं असं मला दोन आठवडे वाटलं. मग कळलं, तुला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं.

आधी तय्यबाला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. पूर्ण ऐकलं. मला वाटलं, नोकरीचं काय होईल ते विचारेल. ती म्हणाली, "साडेपाच वर्षं मी वहिनींना बोल लावतेय. दर ईदला. तुमच्या साहेबांना एवढी कसली गुर्मी, ह्यांचा फोन उचलत नाहीत. आणि त्या ऐकून घेतायत. एकदा उलटून बोलल्या नाहीत. त्यांना ठाऊक होतं?"

"असेल."

"मग मी आता त्यांच्याशी कुठल्या तोंडाने बोलू?"

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींना फोन लावला आणि दार लावून घेतलं. तासभर आतून रडण्याचा आवाज येत होता, मग हसण्याचा. काय बोलल्या ते मला आजतागायत सांगितलेलं नाही. तुला कळलं तर कळव.

मसूदाला सांगणं त्याहून जड गेलं. ती म्हणाली, "म्हणजे शिरीषकाका माझ्यामुळे गेले?" मी घाईने म्हटलं, "तुझ्यासाठीच झालं हे सगळं." ती उठून उभी राहिली. "नो. डोन्ट पुट दॅट ऑन मी, अब्बा. तुम्हाला लवकर घरी यायचं होतं. दॅट्स ऑल." बरोबर आहे. मीच शिकवलं तिला, आकडा आहे तसा वाचायचा.

मग कैलासकडे गेलो. त्याच हॉटेलात आहे, आता बॉयलरवर नाही, इस्त्रीच्या खात्यात. डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. मी म्हटलं, "कैलास, ते गेज मी तपासलं नव्हतं."

तो चादरी घडी करत होता. थांबला नाही. "मग शिरीषसाहेबांनी?"

"त्यांनी माझ्या शब्दावर सही केली."

"दर एक जानेवारीला फोन करतात मला," तो म्हणाला. "हात कसा आहे विचारतात. तुमचं नाव एकदाही निघालं नाही."

त्याने नवी चादर झटकली, एक टोक माझ्याकडे फेकलं. "धरा." आम्ही दोघांनी मिळून वीस-पंचवीस चादरी घडी केल्या. पुढे यायचं, टोकाला टोक लावायचं, मागे जायचं. शेवटची झाल्यावर तो म्हणाला, "राग आलाय मला, नजीबभाई. खूप. आज काही बोलत नाही. पुढच्या शुक्रवारी या."

पुढच्या शुक्रवारी गेलो. बोलला. जे बोलला ते मी ऐकून घेतलं, इथे लिहीत नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी चहा दिला.

मुख्तारसाहेब शेवटी. मी लेखी नेलं होतं. त्यांनी वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. "छह साल पुरानी बात है, नजीब. फाइल बंद. खलास. क्यों खोलता है?"

"उसमें ग़लत नाम है, साब."

"ये मैं रखूँगा तो तुझे गेज को हाथ नहीं लगाने दूँगा. फिर कॉन्ट्रॅक्ट भी रिन्यू नहीं होगा. मालूम है?"

"मालूम है. और एक चिठ्ठी चाहिए, शिरीष के नाम. कंपनी के काग़ज़ पर."

त्यांनी कागद परत आपल्याकडे ओढला. मग शिक्का शोधायला ड्रॉवर उघडला.

ती चिठ्ठी सोबत आहे. तुझी चूक नव्हती असं लिहिलंय. इंग्रजी जरा मोडकं आहे, मुख्तारसाहेबांनी स्वतः टाइप केलं.

मी सध्या स्टोअरमध्ये बसतो, नटबोल्ट मोजतो. जानेवारीअखेर व्हिसा संपेल, मग रत्नागिरी. मसूदाचा व्हिसा आता तिच्या स्वतःच्या नोकरीवर आहे, ती राहील. मला वाईट वाटतंय का? वाटतंय. अठ्ठावीस वर्षं झाली इथे. पण झोप चांगली लागते.

नजीब


नईम, मनामा
शनिवार, ११ जानेवारी २०२५

प्रिय शिरीष,

तुझं पत्र. चार पानं! आकडा एकही नाही.

मी ते उभ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर जिन्यातच बसलो. तू लिहितोस, सहीचा राग नव्हता, सही तू स्वतःच्या अकलेने केलीस, काच न पुसता, आणि तेवढी चूक तुझीच. गप्प बसलास तेही स्वतःच्या मर्जीने, त्याचं ओझं मी घेऊ नये. कंपनीची चिठ्ठी वहिनींना फ्रेम करायची होती, तू ड्रॉवरमध्ये टाकलीस. इथवर मी कसंबसं वाचलं.

मग लिहिलंस, "पण एअरपोर्टवर मी रांगेत चार माणसं पुढे जाऊ दिली. पूर्णिमा म्हणाली, काय करताय? मी म्हटलं, पासपोर्ट सापडत नाहीये. पासपोर्ट हातात होता. तू येशील असं वाटलं होतं."

मी आलो नव्हतो, शिरीष. आलो होतो आणि लांबून बघून परत गेलो, असंही काही नाही. मी घरी होतो. गॅसचा पाइप बदलत होतो. तो खराब नव्हता. तय्यबा म्हणाली, त्यांचं विमान आज ना? मी म्हटलं, उद्या.

याच्यावर मला काही दुरुस्ती सुचत नाही. तूच सुचव म्हणावं तर तेही बरोबर नाही. ते तसंच आहे.

तरी तू शेवटी लिहिलंस की यंदा चाळीस झाडं धरणार आहेस आणि नवी चकती हवी, उंचीची सोय असलेली. करायला घेतली आहे. तिसरा गोल वाढवलाय: सकाळी पाणी जिथे उकळलं तिथे बाण लावायचा, चकती आपोआप चार पुढे दाखवेल. आणि या वेळी मी तपासून पाठवणार नाही. तू तिथे तपास, मला आकडे पाठव, मी दुरुस्त करतो, तू पुन्हा तपास. एकट्याने तपासलेल्याचा मला आता भरवसा नाही. दोघांनी बघितलं पाहिजे.

आता महत्त्वाचं. मसूदाचं ठरलं. मुलगा झुबेर, दापोलीचा, इथेच शिपिंग कंपनीत क्लार्क आहे, शांत आहे, तिला जरा घाबरतो. निकाह रत्नागिरीला. तू दिलेल्या नव्या नंबरवर तिने स्वतः तुला फोन केलाच आहे, आणि काय बोललात ते तीही मला सांगत नाही. या घरात मला कुणी काही सांगत नाही आणि ते रास्तच आहे.

काल झुबेरचे वडील तारीख ठरवायला आले. रमजान मार्चमध्ये, ईद महिनाअखेरीस, तेव्हा त्यांच्या मनात एप्रिलचा पहिला आठवडा होता. मसूदा आतून बाहेर आली, सगळ्यांना सलाम केला आणि म्हणाली, "एप्रिल नको. तारीख शिरीषकाका सांगतील."

ते माझ्याकडे बघायला लागले. कोण काका, मुलीच्या घरात तर एकच चाचा आणि तो इथे बसलाय. मला सांगावं लागलं. सगळं सांगितलं, गेजपासून. होणाऱ्या व्याह्यांना असं कुणी सांगत नाही, तय्यबा पदर तोंडाला लावून बसली होती. शेवटी म्हटलं, ते कॅनडात झाडांचा रस काढतात, झाडांना कळ्या फुटल्या की रस बिघडतो, मोसम संपतो. त्याआधी त्यांना निघता यायचं नाही.

"कळ्या कधी फुटतात?" त्यांनी विचारलं.

"एप्रिल सरता सरता. ऊन कसं पडतं त्यावर आहे. नक्की त्यांनाही सांगता येत नाही."

म्हाताऱ्याने चहा संपवला. बशी खाली ठेवली. "माझे आब्बा गलबतावर तांडेल होते," म्हणाले. "वारा फिरल्याशिवाय आमच्या घरात कधी लग्न ठरलं नाही. थांबू."

तेव्हा हॉल मी धरलेला नाही, पत्रिका छापायला टाकलेल्या नाहीत, दोन्हीकडची दीडशे माणसं बॅगा भरून बसणार आहेत. तू झाडांकडे लक्ष ठेव.

नजीब